फर्द, थैली आणि ठोंगा : बालीगंजच्या गृहोपभोगातील डिजिटल स्थित्यंतर

घरात येणारी वस्तू कोठून आली आणि तिच्या येण्याने कोणाचे काय गेले, हा प्रश्न कोलकात्याच्या मध्यमवर्गाला पहिल्यांदा ठामपणे विचारणाऱ्यांत एका मराठी कुळातल्या लेखकाचा समावेश होतो. सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांचे ‘देशेर कथा’ हे बंगाली पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांच्या आर्थिक मांडणीचा आधार घेऊन देउस्करांनी जे लिहिले, त्याचा परिणाम असा की कापड, मीठ, साखर या घरगुती जिनसा राजकीय विचाराच्या कक्षेत आल्या. ७ ऑगस्ट १९०५ रोजी बहिष्काराचा ठराव झाला तेव्हा त्याचे कार्यक्षेत्र संसदेचे वा कचेरीचे नव्हते. ते माजघराचे आणि कोठीच्या खोलीचे होते. बंगाली आणि मराठी या दोन्ही साहित्यांत गृहोपभोगाचा विचार यानंतर बराच काळ ‘वस्तू कोठून आली’ या एकाच अंगाने झाला. ‘वस्तू कोठे जाते’ हे दुसरे अंग तुलनेने मुके राहिले, कारण त्या काळी घरातून बाहेर जाणारे फारसे काही नव्हतेच. चिंध्यांची गोधडी होत असे, राखेने भांडी घासली जात, सालींची चटणी होई.

डिजिटल सुविधेचा घरगुती उपभोगावर व त्यायोगे पर्यावरणावर होणारा परिणाम तपासताना हे दुसरे अंग टाळता येत नाही. येथे ‘डिजिटल सुविधा’ या संज्ञेने इंटरनेटची जोडणी, भ्रमणध्वनी, त्यावरून होणारी खरेदी आणि पैशाची देवघेव एवढे सर्व अभिप्रेत आहे. अर्थशास्त्रीय लेखनात तिचे परिणाम सामान्यतः तीन थरांत मांडले जातात. पहिला थर उपकरणांचा व त्यांना लागणाऱ्या विजेचा. दुसरा पर्यायाचा : छापील वृत्तपत्राऐवजी पडदा, प्रवासाऐवजी घरपोच माल. तिसरा थर सवयींचा, आणि तोच सर्वांत निसरडा. कारण सवय बदलली की ती मोजायचे मापही बदलते. या तिसऱ्या थराचा पुरावा आकडेवारीइतकाच भाषेत आणि साहित्यात सापडतो, म्हणून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात प्रवेश आहे.

बालीगंज हे या अभ्यासाला सोयीचे ठिकाण का, हे सांगितले पाहिजे. दक्षिण कोलकात्याचा हा भाग सुखवस्तू, शिक्षित आणि जुन्या वळणाचा म्हणून ओळखला जातो. एका बाजूस गडियाहाटचा बाजार, दुसऱ्या बाजूस गोलपार्कजवळची जुन्या पुस्तकांची दुकाने, मध्ये मॅडॉक्स स्क्वेअर आणि एकडालियाच्या दुर्गापूजा. पूर्वेकडे सियालदह दक्षिण शाखेवरचे बालीगंज स्थानक. या स्थानकावर कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूर बाजूच्या लोकलगाड्यांनी रोज पहाटे शेकडो स्त्रिया उतरतात. कोणी घरकामाला जाते, कोणी पालेभाजीची टोपली घेऊन फुटपाथवर बसते. बालीगंजचा उपभोग या रेल्वेमार्गावाचून समजत नाही.

डिजिटल सुविधेच्या इतिहासातही या शहराला अग्रहक्क आहे. भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून झाले. मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. देशातील पहिली चौथ्या पिढीची इंटरनेट सेवाही एअरटेलने येथेच १० एप्रिल २०१२ रोजी सुरू केली. तथापि अग्रहक्क म्हणजे प्रसार नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एक जीबी माहितीसाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०१८ मध्ये हाच दर सुमारे १२ रुपयांवर आला. मधल्या काळात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, त्याच वर्षी यूपीआयचा आरंभ झाला आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. त्या चार वर्षांत बालीगंजच्या दिवाणखान्यातील सुविधा कॅनिंग लोकलच्या डब्यात पोहोचली. यापुढील विवेचनात हे वारंवार ध्यानात ठेवावे लागते, कारण डिजिटल उपभोगाची चर्चा बहुधा फक्त दिवाणखान्याची होते.

दुकानदारीची परंपराही येथे लवकर बदलली. पॅन्टालून्सचे पहिले मोठे दालन १९९७ साली गडियाहाटला उघडले. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, ‘ऑपरेशन सनशाइन’ या मोहिमेत गडियाहाटचे फेरीवाले हटवण्यात आले होते. ते कालांतराने परतले. २०१३ मध्ये सय्यद अमीर अली अव्हेन्यूवर क्वेस्ट मॉल आला. (हा मॉल आणि शहराला वीज पुरवणारी सीईएससी ही कंपनी एकाच उद्योगसमूहाची आहे, वातानुकूलित दालन आणि त्याला लागणारी वीज एकाच हाती असणे, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल.) म्हणजे फुटपाथ, दालन, मॉल आणि भ्रमणध्वनीवरचे दुकान हे चार थर पाव शतकात एकावर एक चढले. खालचा थर वरच्याने पुसला नाही, हे बालीगंजचे वैशिष्ट्य आहे.

फर्द आणि थैली

बंगाली गृहस्थाच्या दिनक्रमात ‘बाजार करा’ या क्रियापदाला जे स्थान आहे, तसे मराठीत ‘बाजारहाट’ या शब्दाला नाही. मराठी घरात भाजीवाली दारावर येते, कोळीण ओट्यावर बसते आणि मंडईची खेप आठवड्याची असते. पुण्याच्या १८८६ सालच्या मंडईचा थाट मोठा असला तरी ती रोजची वाट नव्हे. बंगाली भद्र पुरुष मात्र सकाळी स्वतः थैली घेऊन बाजारात जातो, माशाचे कल्ले उघडून पाहतो, भाव करतो. बहुधा थैल्या दोन असतात, माशाची वेगळी आणि भाजीची वेगळी. सोबत ‘फर्द’ असते, म्हणजे आणावयाच्या जिनसांची यादी. हा अरबी-फारसी वळणाचा शब्द मराठीच्या दफ्तरी भाषेलाही अपरिचित नाही. मात्र मराठीने तो कचेरीत ठेवला आणि बंगालीने स्वयंपाकघरात आणला.

फर्द ही मर्यादेची वस्तू आहे. ती घरातल्या स्त्रीने सांगायची, पुरुषाने लिहायची किंवा लक्षात ठेवायची, आणि तिच्या शेवटी कागद संपतो. थैलीलाही तळ आणि कडा असतात. हाताला रग लागते. उपभोगाला असे दोन नैसर्गिक बांध होते, आणि ते कोणी पर्यावरणाच्या विचाराने घातलेले नव्हते. भ्रमणध्वनीवरच्या खरेदीत यादी घराऐवजी दुकानाकडे असते. मागील वेळी काय घेतले, शेजारच्या मोहल्ल्यात काय खपते, काय ‘सोबत घेतले जाते’ हे तेथे आधीच मांडलेले असते. थैली तर उरतच नाही. पूर्वी दिवसाला एक खेप होई. आता आले विसरले तर आल्यासाठी एक आणि दह्यासाठी अर्ध्या तासाने दुसरी खेप होऊ शकते. प्रत्येक खेपेबरोबर एक पिशवी, एक दुचाकी आणि एक तरुण जिना चढून येतो. नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालात २०२०–२१ मध्ये अशा कंत्राटी-फुटकळ कामात सुमारे ७७ लाख लोक असल्याचा अंदाज आहे.

येथे स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८६५ साली कोळशाविषयीच्या ग्रंथात त्याने दाखवले की वाफेची यंत्रे अधिक काटकसरी झाल्याने कोळशाचा एकूण वापर घटत नाही, वाढतो; कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या ठिकाणी वापरली जाते. डिजिटल खरेदीने वाचवलेला कोळसा हा प्रामुख्याने वेळ आणि श्रम या रूपाचा आहे. गडियाहाटला जाण्यायेण्याचा तास वाचतो, आणि तो तास बहुतेक वेळा पुन्हा पडद्याकडे, म्हणजे पुन्हा दुकानात, जातो. एका गाडीने वीस घरांचा माल नेला तर वीस जणांच्या स्वतंत्र प्रवासापेक्षा इंधन कमी लागते, हे खरे आहे. पण बालीगंजचे गृहस्थ बाजारात मोटारीने जात नव्हते. ते चालत जात होते. पाश्चात्य उपनगरांसाठी केलेला हिशेब येथे लावला की बचत कागदावरच राहते. तुलना कशाशी करायची, हाच या क्षेत्रातला अर्धा प्रश्न आहे, आणि तुलनेचा व्यवसाय करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

यूपीआयने पैशाचे नाणेपण घालवले. आर्थिक वर्ष २०२३–२४ मध्ये देशभरात या मार्गाने १३ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. गडियाहाटच्या फुटपाथवर टोपलीशेजारी चौकटीचे चित्र असलेला पुठ्ठा दिसतो, आणि ज्या पालेभाजीवालीला बँकेचा उंबरा कधी माहीत नव्हता तिच्या खात्यात पैसे जमा होतात. हा लाभ लहान नाही. सुट्या पैशांबरोबर होणारी घासाघीस आणि बंगालीत जिला ‘फाउ’ म्हणतात ती वरची फुकट मूठ मात्र कमी होत चालली आहे. वर घातलेल्या चार मिरच्यांना पर्यावरणीय मूल्य काय, असे विचारता येईल. ते असे की विक्रेत्याकडचा संध्याकाळी टाकून द्यावा लागणारा माल त्या मुठीतून घरात जाऊन शिजत होता.

सालींचा पाक आणि पूर्वेकडची तळी

बंगाली आणि मराठी पाकशास्त्रांतील एक साम्य अद्याप पुरेसे अभ्यासले गेलेले नाही. दुधी, पडवळ, बटाटा यांच्या सालींची बंगाली ‘चच्चडी’ आणि दोडक्याच्या शिरांची मराठी चटणी या एकाच दृष्टीच्या दोन पाककृती आहेत. माशाचे डोके डाळीत वा तांदळात घालणे, काटे भाजीत शिजवणे हेही त्याच जातीचे. या काटकसरीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यात विधवांवर लादलेल्या निरामिष आहाराचा मोठा वाटा आहे, आणि १९४३ च्या दुष्काळाची आठवणही. ज्यांना मासा नाकारला गेला त्यांनी सालीला चव आणली, हे या पाककौशल्याचे दुःखद मूळ आहे. पण मूळ कोणतेही असो, परिणाम असा की घरातून बाहेर पडणारा कचरा थोडा आणि कुजणारा असे.

हा कुजणारा कचरा आणि सांडपाणी जेथे जात होते तेथे एक विलक्षण रचना उभी होती, आणि बालीगंजच्या उपभोगाची खरी कथा तेथे आहे. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे साडेबारा हजार हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळ जमिनीत शहराचे सांडपाणी कालव्यांतून नेले जाते. उथळ तळ्यांत, ज्यांना ‘भेडी’ म्हणतात, सूर्यप्रकाश आणि शेवाळ यांच्या योगाने ते निवळते आणि त्यावर मासे पोसले जातात. धापा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कचऱ्याच्या खतावर भाजीपाला पिकतो. हे मासे आणि ही भाजी पुन्हा शहराच्या बाजारांत येते. म्हणजे बालीगंजच्या मोरीतून जे गेले ते काही महिन्यांनी बालीगंजच्या ताटात परत येत होते. ध्रुवज्योती घोष (१९४७–२०१८) या अभियंता-पर्यावरणतज्ज्ञाने १९८० च्या दशकात या व्यवस्थेचे मर्म जगापुढे मांडले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या जमिनीवरील बांधकामास आळा घालणारा निर्णय दिला. १९ ऑगस्ट २००२ रोजी तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली आणि २००६ साली तिच्या रक्षणासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. कोणत्याही खर्चिक शुद्धीकरण यंत्रणेवाचून एवढ्या मोठ्या शहराचे पाणी स्वच्छ करणारी ही व्यवस्था मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या अनुभवज्ञानावर चालते. घोष यांचा भर याच गोष्टीवर होता.

आता या चक्रात डिजिटल खरेदीने काय घातले ते पाहावे. घरपोच येणारा मासा स्वच्छ करून, तुकडे करून, प्लास्टिकच्या थाळीत आणि थंडाव्याच्या पुडीसह येतो. डोके आणि काटे बहुधा घरी पोहोचतच नाहीत. चिरलेली भाजी सालीवाचून येते. उपाहारगृहातील जेवण मागवले तर डाळ, भात आणि रस्सा यांचे वेगवेगळे डबे, चमचे, चटणीच्या पुड्या. घरातला कुजणारा कचरा घटतो आणि न कुजणारा वाढतो. भेडी आणि धापाचे मळे ज्याला पचवू शकत होते त्याची जागा ते ज्याला कधीच पचवू शकणार नाहीत अशा वस्तूंनी घेतली. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरल्या जाणाऱ्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. तथापि बहुस्तरीय वेष्टने आणि अन्नाचे डबे बव्हंशी तिच्या कक्षेबाहेर राहिले. चक्र होते तेथे एक सरळ रेषा आली आणि ती रेषा धापाच्या डोंगराशी जाऊन थांबते.

हे सर्व केवळ डिजिटल सुविधेने घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार २०२३–२४ मध्ये शहरी भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता आणि त्यातील सुमारे ११ टक्के पेये, फराळाचे जिन्नस व प्रक्रिया केलेले अन्न यांवर होत होता. २०११–१२ मध्ये हा वाटा सुमारे ९ टक्के होता. तयार अन्नाकडे कल आधीपासूनच होता. विभक्त झालेली कुटुंबे, दोघांची नोकरी, परगावी वा परदेशी गेलेली मुले आणि मागे राहिलेले वृद्ध आईवडील ही बालीगंजची वस्तुस्थिती आहे. कोलकाता शहराची लोकसंख्या २००१ च्या सुमारे ४५.७ लाखांवरून २०११ मध्ये सुमारे ४५ लाखांवर आली. ज्या घरात थैली उचलणारा हात थरथरतो त्या घरात बंगळूरला वा न्यू जर्सीला बसलेल्या मुलाने मागवलेले औषध आणि दूध येते. अशा घराला वेष्टनाचा हिशेब विचारणे शक्य असले तरी सभ्यपणाचे नाही. सुविधेने जुन्या कलाला गती दिली आणि ज्यांना पर्याय नव्हता त्यांना पर्याय दिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ठोंगा, कांथा, गोधडी

जुन्या वृत्तपत्रापासून केलेल्या कागदी पिशवीला बंगालीत ‘ठोंगा’ म्हणतात. ‘बिक्रीवाला’ घरोघरी हाक मारून रद्दी घेतो, ती वस्तीतल्या स्त्रियांकडे जाते, खळीने चिकटवलेले ठोंगे मुडीच्या आणि भाजलेल्या शेंगदाण्यांच्या दुकानी परततात. मराठी मुलखातला रद्दीवाला आणि वाण्याची पुडी यांचा प्रवास याहून निराळा नाही. साहित्याच्या अभ्यासकाने या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ज्यांच्या घरी पुस्तक येत नव्हते त्यांच्या घरी पुडी येत होती. बेबी कांबळे यांनी फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी आलेली रद्दीची वृत्तपत्रे वाचून वाचनाची भूक भागवल्याचे सांगितले आहे. ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनामागे तो रद्दीचा कागद उभा आहे. बालीगंजच्या कडेने जाणाऱ्या रासबिहारी अव्हेन्यूवरील २०२ क्रमांकाच्या घरातून, म्हणजे बुद्धदेव बसूंच्या ‘कविता भवन’मधून, १९४० च्या दशकात ‘एक पयसाय एकटि’ ही मालिका निघाली : सोळा कविता, किंमत चार आणे, म्हणजे पैशाला एक कविता. जीवनानंद दासांचा ‘वनलता सेन’ हा संग्रह १९४२ साली प्रथम याच रूपात आला. बसूंनीच पुढे १९५६ साली जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला. आधुनिक बंगाली कवितेचा एक टप्पा अशा मोजक्या कागदावर उभा राहिला, हे ‘कागद वाचवा’ असे सांगणाऱ्या आजच्या पडद्यासमोर आठवावे असे आहे.

वृत्तपत्र पडद्यावर गेले तर झाडे वाचतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतः खरा आहे. पण वृत्तपत्राचे वाचन संपल्यावर त्याचे दुसरे आयुष्य सुरू होत होते, आणि त्या आयुष्यावर ठोंगे करणाऱ्या स्त्रियांची मिळकत अवलंबून होती. छपाईच्या शाईतील घातक द्रव्यांमुळे खाद्यपदार्थ वृत्तपत्रात बांधण्यास अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केली, आणि ती मनाई आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होती. ठोंग्याची जागा मात्र बऱ्याच ठिकाणी पातळ प्लास्टिकने घेतली. दुसरीकडे कॅनिंग लोकलमध्ये बसलेली स्त्री भ्रमणध्वनीवर जे वाचते, ऐकते आणि पाहते त्याचा आवाका कोणत्याही पुडीपेक्षा मोठा आहे. पुडीच्या वाचकाला मिळेल तो तुकडा वाचावा लागे. आज निवडीची शक्यता आहे, आणि निवडून देणारी यंत्रणाही आहे.

वस्त्राचेही असेच झाले. जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून टाचलेली बंगाली ‘कांथा’ आणि मराठी ‘गोधडी’ किंवा ‘वाकळ’ या भगिनी आहेत. जसीमुद्दीन यांच्या ‘नक्शी कांथार माठ’ (१९२९) या काव्यात कांथा ही स्वतःच कथा सांगणारी वस्तू होते. कांथांचा मोठा संग्रह करणारे गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांचे नाव बालीगंजच्या एका रस्त्याला आहे, आणि त्याच रस्त्यावर १९५९ पासून बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय आहे. हस्तकलेच्या संग्राहकाच्या नावे रस्ता आणि त्यावर यंत्रांचे प्रदर्शन. जुने कपडे घेऊन भांडी देणारी मराठी बोहारीण आणि बंगालमधली ‘बासनवाली’ याही एकाच व्यवसायाच्या. त्यांच्याशी होणारी दुपारची घासाघीस म्हणजे एका वस्त्राच्या उरलेल्या आयुष्याचे मूल्यमापन होते.

गडियाहाटच्या फुटपाथवरची ‘चैत्र सेल’ ही या अर्थव्यवस्थेची वार्षिक सीमारेषा. वर्षअखेर माल संपवायचा, वैशाखाच्या पहिल्या दिवशी ‘हालखाता’ म्हणजे नवी वही उघडायची. आपल्याकडे वहीपूजन दिवाळीत येते, हेतू तोच. पूजेची खरेदी आणि चैत्राची खरेदी अशा दोन ऋतूंत बंगाली घराचे कापड बसत असे. भ्रमणध्वनीवरच्या दुकानाला चैत्र नसतो. तेथे दर पंधरवड्याला कोणता तरी उत्सव जाहीर होतो. नापसंत वस्त्र परत पाठवण्याची सोय असल्याने तीन मापे मागवून दोन परत करणे शक्य होते, आणि त्या दोन खेपांचा धूर पावतीवर दिसत नाही. एवढ्या स्वस्त आणि कृत्रिम धाग्याच्या कपड्याची कांथा होत नाही. सुताला जीर्ण होण्याचा गुण होता, म्हणून ते टाचता येत होते.

डिजिटल उपभोगाची खास स्वतःची अशी रद्दी म्हणजे उपकरणे. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. भारतात याविषयीचे नियम १ मे २०१२ पासून लागू आहेत. सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, आणि त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली. बालीगंजमध्ये मात्र जुना भ्रमणध्वनी बराच काळ कपाटाच्या खणात पडून राहतो, नाहीतर चांदनीच्या बाजारात दुरुस्तीला जातो, नाहीतर बिक्रीवाल्याच्या पोत्यात पडतो. रद्दी आणि पितळ तोलण्याचा त्याचा तराजू या वस्तूला लावला की तिच्यातील तांबे मोजले जाते, शिसे नाही.

न दिसणारा भार आणि खरी बचत

पडदा स्वच्छ दिसतो. त्यामागची वीज स्वच्छ असतेच असे नाही. कोलकात्याला वीज पुरवणारी सीईएससी ही कंपनी १८९७ पासूनची आहे आणि हुगळीकाठच्या बजबज येथील तिचे ७५० मेगावॅटचे केंद्र कोळशावर चालते. जगभरातील माहितीकेंद्रांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. एका घराच्या वाट्याला यातले फार थोडे येते. भ्रमणध्वनीच्या बाबतीत तर चार्जिंगच्या विजेपेक्षा तो तयार करताना झालेले उत्सर्जन कितीतरी अधिक असते. म्हणून तो दोनऐवजी चार वर्षे वापरणे ही घरात करता येण्यासारखी मोठी काटकसर ठरते.

खरी बचतही आहे. जादवपूर विद्यापीठाच्या सांस्कृतिक संहिता व अभिलेख केंद्राने २०१३ साली ‘विचित्रा’ हा रवींद्र-साहित्याचा संग्रह आंतरजालावर खुला केला. त्यात सुमारे ४७ हजार हस्तलिखित पृष्ठे आणि ९१ हजारांवर मुद्रित पृष्ठे आहेत. त्यासाठी पूर्वी शांतिनिकेतनला आणि परदेशातील संग्रहांकडे जावे लागे. एका हस्तलिखितासाठी केलेला विमानप्रवास टळला तर त्याची तुलना अनेक वर्षांच्या वृत्तपत्रांशी करता येईल. अशा ठिकाणी पर्यायाचा थर निर्विवाद लाभाचा आहे, कारण वाचलेला प्रवास दुसऱ्या खरेदीत रूपांतरित होत नाही.

उपाय सुचवताना एक साहित्यिक उदाहरण समोर ठेवणे इष्ट. रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’ (१९१६) या कादंबरीत पंचू नावाच्या गरीब फेरीवाल्याचे विलायती कापड स्वदेशीच्या जोशात जाळले जाते. बहिष्कार करणाऱ्यांचे घर त्यामुळे उणे होत नाही, पंचू बुडतो. देउस्करांचे पुस्तक आणि ही कादंबरी एकत्र वाचल्या तर गृहोपभोगाच्या नीतीची दोन टोके दिसतात. वेष्टनावरची बंदी, घरपोच सेवेवरचा कर, फुटपाथची सफाई यांपैकी कोणतेही पाऊल उचलताना ‘पंचू कोण’ हे आधी शोधावे लागेल. जिना चढून येणारा तरुण, ठोंगा करणारी स्त्री, भेडीतला मच्छीमार आणि धापावर प्लास्टिक वेचणारे यांपैकी कोणीही या चर्चेत सहसा बोलत नाही.

२० मे २०२० च्या रात्री अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावरून गेले. दक्षिण कोलकात्याच्या अनेक भागांत पुढील काही दिवस वीज नव्हती आणि संपर्कजाळे तुटले होते. लोक रस्त्यावर उतरून निदर्शने करीत होते. टाळेबंदीच्या दोन महिन्यांत ज्या घरांना भ्रमणध्वनीवरून मागवण्याची सवय लागली होती त्यांना त्या दिवसांत मागवता येत नव्हते आणि पैसेही देता येत नव्हते. रोख पैसे आणि थैली पुन्हा बाहेर निघाली. दक्षिण २४ परगण्याच्या गावांत, जेथून पालेभाजी येते, तेथे शेतांत खारे पाणी शिरले होते.